बाबासाहेबांनी कुणाला विचारले होते?

चौदा एप्रिलच्या सुमारास अलीकडे महाराष्ट्रात ठिकठिकाणी एक उपक्रम होतो. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत, म्हणून त्यांना अभिवादन करण्यासाठी मुलामुलींनी एका जागी बसून सलग अठरा तास अभ्यास करावयाचा. मिरवणुकीतील कर्ण्यांपेक्षा मला हा उपक्रम शतपटीने मोलाचा वाटतो आणि जमेल तेव्हा मी तेथे जाऊन बसतो. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका विहारात असाच बसलो होतो. दहावीतला एक मुलगा पहाटेपासून सतरंजीवर मांडी घालून बसला होता. दुपारी त्याच्यासमोर गणिताच्या पुस्तकाचे जे पान उघडे होते, तेच दिवे लागण्याच्या वेळीही उघडे होते. मी जवळ जाऊन विचारले, तर म्हणाला, "सर, कळत नाही." मग कुणाला विचारले का नाहीस, असे म्हणताच त्याने भिंतीवरील तसबिरीकडे पाहिले आणि म्हणाला, "बाबासाहेबांनी कुणाला विचारलं होतं?"

त्याने उद्धटपणे विचारले नव्हते. त्याची तशी खरोखरीच समजूत होती. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकविला, जयंतीच्या व्यासपीठांवरून भाषणे केली आणि त्या भाषणांतून ही समजूत पसरविण्यास माझाही हातभार लागला आहे. एकटा माणूस, रस्त्यावरचा दिवा, भुकेले पोट आणि ग्रंथांचा ढीग, असे एक चित्र आम्ही रंगविले. त्यात दुसरे माणूसच ठेवले नाही. ज्या पोराचा विषय अडला आहे त्याला हे चित्र असे सांगते की, तुला येत नाही कारण तू कमी बसतोस. म्हणून तो बसून राहतो. सवर्ण घरातील मुलाचे गणित अडले तर तो आतल्या खोलीत जातो. तेथे बाप असतो, काका असतो, नाहीतर शिकवणीचे पैसे तरी असतात. त्याने मदत घेतली हे कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण ती घरातल्या पाण्यासारखी असते. आमच्या मुलाला मात्र पाण्यासारखीच मदतही घराबाहेर जाऊन आणावी लागते. आणि बाहेर गेल्यावर कुणी देईल की हाकलील, ही धाकधूक तीन पिढ्यांनंतरही गेलेली नाही.

तेव्हा त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर नीट दिले पाहिजे.

बाबासाहेबांचे पहिले शिक्षक त्यांच्या घरातच होते. सुभेदार रामजी हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. इंग्रजांच्या पलटणींत शिपायांच्या मुलांसाठी शाळा असत आणि त्यामुळे महार शिपायांच्या काही घरांत, गावकुसाबाहेर कोठेही नव्हते असे, पाटी-पुस्तक आले. ही गोष्ट आपण फार घाईने सांगून पुढे जातो. पण तिच्यात एक मोठा धडा आहे. 1892-93 च्या सुमारास महारांची पलटणीतील भरती बंद झाली. नोकरी तर गेलीच. पण ज्या घरात बापच मुलाला शिकवू शकेल अशी घरे तयार होण्याचा कारखानाही बंद पडला. भीमराव हे त्या मावळत्या पिढीचे मूल. रामजींनी त्यांच्याकडून तर्खडकरांच्या भाषांतराच्या पुस्तकांवरून इंग्रजी घटवून घेतले. परळच्या डबक चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत होते. पहाटे दोन वाजता बाप मुलाला अभ्यासाला उठवीत असे, हे धनंजय कीरांच्या चरित्रात आलेले आहे आणि आपण सर्वांनी भाषणांतून सांगितलेले आहे. पण पहाटे दोन वाजता उठणारा मुलगा आपण सांगतो. त्याला उठविण्यासाठी आधी जागा असलेला माणूस मात्र वाक्यातून गळून पडतो. पुस्तकांसाठी पैसे नसले म्हणजे रामजी लग्न झालेल्या मुलींच्या घरी जात आणि त्यांच्याकडून पैसे, प्रसंगी दागिनेही, उसने आणीत. त्या बहिणींचे नाव अठरा तासांच्या हिशेबात कुणी धरीत नाही.

शाळेतील स्थिती वेगळी होती. एल्फिन्स्टन हायस्कुलात एकदा शिक्षकांनी भीमरावांना फळ्यावर उदाहरण सोडविण्यासाठी बोलाविले, तेव्हा वर्गात एकच गलका झाला. कारण फळ्यामागे मुलांचे जेवणाचे डबे होते. विद्यार्थी फळ्याकडे जाण्यापूर्वी डबे हलविले गेले. मी या प्रसंगाचा नेहमी शिक्षकाच्या बाजूने विचार करतो. त्यांनी मुलाला फळ्याकडे बोलाविले, हे त्यांचे चांगलेच. पण गणित न येणाऱ्या मुलाने 'सर, ही पायरी पुन्हा सांगा' असे म्हणण्यासाठी जो निर्धास्तपणा लागतो, तो त्या वर्गात कोठून यावा? शंका विचारणे म्हणजे सर्वांच्या देखत आपले उणे उघडे करणे. ज्याला वर्गाने आधीच उणा ठरविलेले आहे तो आपण होऊन आणखी एक पुरावा कशाला देईल? आमची मुले वर्गात गप्प असतात, ती बुद्धीने मंद म्हणून नव्हेत.

हे मी स्वतःवरून सांगतो. आठवीत मला बीजगणिताने गाठले. ऋण गुणिले ऋण बरोबर धन, हे फळ्यावर लिहून आमच्या गुरुजींनी पुढचे उदाहरण घेतले. मी हात वर केला. त्यांनी मला काय उत्तर दिले ते येथे लिहीत नाही. वर्ग हसला एवढे पुरे. त्यानंतर मी त्या शाळेत हात वर केला नाही. सहामाहीला गणितात शंभरपैकी अकरा गुण पडले. गावी जाऊन मोलमजुरी करावी असे मनात पक्के झाले होते. आमच्या बोर्डिंगात माझ्या शेजारच्या वळकटीवर अकरावीतला एक मुलगा असे. मी रात्री पांघरुणात रडतो हे त्याला कळले. त्याने कंदील ओढला आणि विचारले, तुझ्या बापाच्या डोक्यावर सावकाराचे कर्ज आहे काय? मी म्हटले, आहे. किती? पाच-पाच रुपयांची तीन चिठ्ठ्या. मग तो म्हणाला, कर्ज म्हणजे ऋण. उद्या सावकाराने तीनही चिठ्ठ्या फाडल्या, म्हणजे तीन वेळा पाचाचे ऋण काढून घेतले, तर तुझा बाप पंधरा रुपयांनी वर आला की खाली गेला? मी म्हटले, वर आला. झाले, तो म्हणाला, हेच ऋण गुणिले ऋण.

इतकी वर्षे झाली, पण गणिताची ती व्याख्या मला कोणत्याही पुस्तकात याहून सोपी आढळली नाही. आमच्या घरात दुसरे काही नसले तरी कर्जाचे ज्ञान भरपूर होते आणि तेच त्या मुलाने भांडवल म्हणून वापरले. गणिताच्या पुस्तकात मात्र व्याजाने पैसे देणारा, बागेत झाडे लावणारा, दुकानात नफा मिळविणारा असाच माणूस असे. व्याज देणारा कधीच नसे.

तेव्हापासून मला वसतिगृहांच्या इतिहासाकडे पाहण्याची निराळी दृष्टी आली. बाबासाहेबांनी 20 जुलै 1924 रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सभेने सोलापूरला वसतिगृह काढले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी त्यापूर्वीच बोर्डिंगांचे जाळे विणले होते. या संस्थांविषयी लिहिताना आपण जेवण आणि छप्पर यांचाच हिशेब मांडतो. वस्तुतः तेथे आणखी एक वस्तू मिळत होती व ती अन्यत्र कोठेही विकत मिळत नव्हती. शेजारच्या वळकटीवर आपल्याच जातीतला, आपल्यापेक्षा दोन इयत्ता पुढे गेलेला एक मुलगा, ज्याला काहीही विचारले तरी लाज जात नाही. 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि 1950 मध्ये औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालय निघाले. मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून मिलिंदच्या नागसेनवनात आलेल्या मुलांची जी पिढी पुढे लिहू लागली, तिच्यामागे ग्रंथालय आणि प्राध्यापक होते तसेच हे वळकटीचे विद्यापीठही होते. आज वसतिगृहांच्या खोल्या रिकाम्या ठेवल्या जातात, अर्ज उशिरा निघतात, मुले शहरात भाड्याने एकेकटी राहतात. त्यात काय बुडते ते खर्चाच्या तक्त्यात दिसत नाही.

आता संस्कृतची गोष्ट. बाबासाहेबांच्या आयुष्यातील खरा अडलेला विषय गणित नव्हे, संस्कृत होय. तो अडला नव्हता, अडविला होता. हायस्कुलात दुसरी भाषा निवडण्याची वेळ आली तेव्हा त्यांच्या थोरल्या बंधूंना आणि त्यांनाही संस्कृत घ्यावयाचे होते. अस्पृश्याला संस्कृत शिकविण्यास शिक्षक तयार नव्हते, म्हणून दोघांना फारशी घ्यावी लागली. 1907 साली मॅट्रिक होताना आणि पुढे बी. ए. ला इंग्रजीबरोबर फारशी हाच त्यांचा विषय राहिला. पण मनातून संस्कृत गेले नाही. फारशीचा संस्कृतपुढे पाड लागत नाही, काव्य, व्याकरण, तर्क, नाटक हे सारे तेथे आहे, असे त्यांनी पुढे मोकळेपणाने बोलून दाखविले. ज्या भाषेत आपल्या गुलामगिरीचे कायदे लिहिलेले आहेत तिच्याविषयी हा माणूस असे बोलतो, याचे आमच्यातील काहींना अवघड वाटते. मला वाटत नाही. भाषा ही कुणाच्या बापाची नसते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. दाराशी बसलेला पहारेकरी आणि आतला ऐवज यांत त्यांनी गल्लत केली नाही.

मग त्यांनी काय केले? स्वतः पुस्तके घेऊन बसले, आणि जेथे अडले तेथे पंडितांची मदत घेतली. वयाने, पदव्यांनी आणि कीर्तीने मोठा झालेला माणूस विद्यार्थ्यासारखा पंडितासमोर बसतो, याला मी त्यांच्या अठरा तासांहून मोठे मानतो. आणि इतके करूनही त्यांनी आव आणला नाही. 1946 साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. तो त्यांनी जोतीराव फुले यांना अर्पण केला आहे. त्याच्या प्रस्तावनेत संस्कृतवर आपले प्रभुत्व नाही हे ते सरळ कबूल करतात. मात्र त्यामुळे या विषयावर लिहिण्याचा आपला अधिकार नष्ट होत नाही, कारण आवश्यक ते वाङ्मय इंग्रजी भाषांतरांतून आपण पंधरा वर्षे अभ्यासलेले आहे, असेही बजावतात. माझ्या त्या विहारातील मुलाला मला हेच पान दाखवावयाचे होते. मला हे येत नाही, हे वाक्य स्वतःच्या ग्रंथाच्या आरंभी छापणारा माणूस त्या तसबिरीत आहे. भाषांतर ही तरी काय वस्तू आहे? ज्याला मूळ येते त्याच्याकडून घेतलेली मदतच ती.

पालीच्या बाबतीतही हाच क्रम दिसतो. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी पाली शिकायला घेतली, शब्दकोश रचला, व्याकरणाच्या टिपणांचा पसारा मांडला. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात हे सारे 1998 मध्ये छापले गेले. ज्यांना बाबासाहेब केवळ घटनेच्या पुस्तकातूनच ठाऊक आहेत त्यांनी हा खंड एकदा हाताळावा. शब्दापुढे शब्द, अर्थापुढे अर्थ. एवढा मोठा माणूस विद्यार्थ्याची वही लिहीत बसलेला तेथे दिसतो.

आणि माणसे? कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे चर्नी रोडच्या बागेत या मुलाला रोज वाचताना पाहत. ओळख झाली, पुस्तके मिळू लागली. मॅट्रिकच्या सत्काराच्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. त्या पुस्तकाने पुढे काय केले ते 1956 मध्ये नागपूरने पाहिले. कॉलेजचा खर्च झेपेना तेव्हा केळुसकरांनीच सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकला व महिना 25 रुपये शिष्यवृत्ती मिळाली. कॉलेजात प्रा. मुल्लर यांनी पुस्तके दिली, कपडेही दिले. लंडनच्या दुसऱ्या खेपेस नवल भथेना या पारशी मित्राकडून 5000 रुपये कर्जाऊ घेतले. शाहू महाराजांना लिहिलेली पत्रे आज छापील मिळतात; त्यांत पैशाची अडचण स्वच्छ शब्दांत सांगितलेली आहे. लाचारीचा सूर नाही, पण आडपडदाही नाही. हे इतके सारे असताना 'कुणाला विचारलं होतं?' हा प्रश्न मुलाला पडतो, हा दोष मुलाचा नव्हे.

1923 चा प्रसंग तर प्रत्येक नापास विद्यार्थ्याला सांगण्यासारखा आहे. डी. एस्सी. साठी दिलेला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी मान्य न करता फेरलेखनासाठी परत केला. मार्गदर्शक एडविन कॅनन यांचा सल्ला घेऊन बाबासाहेबांनी मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत. प्रबंध पुन्हा धाडला व तो मान्य झाला. ग्रंथाला कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि त्या प्रस्तावनेतच काही मुद्द्यांवर आपला मतभेदही नोंदविला. मदत घेतली म्हणजे मिंधे झालो, अशी आमच्या काही स्वाभिमानी कार्यकर्त्यांची जी समजूत आहे, तिला या एका प्रस्तावनेत उत्तर आहे.

ही वाट त्यांच्यापूर्वीचीही आहे. गोविंदराव फुल्यांनी लोकांच्या सांगण्यावरून जोतीरावांचे शिक्षण थांबविले होते. गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोन शेजाऱ्यांनी बापाची समजूत घातली आणि 1841 मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत गेले. एक मुसलमान, एक ख्रिस्ती, आणि माळ्याचा पोर. ते दोघे त्या दिवशी घरी बसून राहिले असते तर पुढचे मला लिहवत नाही.

मात्र सगळीच मदत सारखी नसते, हे सांगितल्याशिवाय हा लेख खोटा होईल. कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' 1981 साली प्रसिद्ध झाले. नागपुरातील सोमकुवरांची ही मुलगी संस्कृत शिकली, त्यात एम. ए. झाली. शाळेत तिला संस्कृत शिकविणारे गोखले गुरुजी धोतर, लांब कोट, टोपी अशा जुन्या वळणाचे गृहस्थ होते. त्यांच्याकडून हेटाळणीच वाट्यास येणार असे तिने धरून चालले होते. प्रत्यक्षात त्यांनी भेद केला नाही, मनापासून शिकविले. एल्फिन्स्टनला जे दार बाबासाहेबांवर लागले ते या मुलीसाठी उघडले गेले. पण पुढे विद्यापीठात, जेथे विद्वत्ता अधिक तेथे, वातावरण आकसाचे होते. पदवी हाती आल्यावरही नोकरी मिळेना. आंतरजातीय विवाह होऊन आडनाव पावडे झाले, तेव्हा कुठे नेमणूक झाली. आपल्या संस्कृतला मान मिळाला तो सोमकुवर या नावाला नव्हे, ही खंत त्यांनी झाकली नाही. 2023 मध्ये त्या गेल्या. त्यांच्या वाट्याला आलेल्या या दोन अनुभवांपैकी एकच सांगितला तर अर्धसत्य होते. एक गुरुजी भला निघाला म्हणून व्यवस्था भली ठरत नाही. आणि व्यवस्था वाईट म्हणून त्या गुरुजीकडे जाऊच नये, असेही ठरत नाही.

मलाही एका गृहस्थांनी इंग्रजी व्याकरण शिकविले. उत्तम शिकविले. दोन वर्षे मी त्यांच्या ओट्यावर बसलो, आत गेलो नाही, आणि मला आत बोलाविलेही गेले नाही. पावसाळ्यात वही भिजे. त्यांचे ऋण मी मानतो आणि तो ओटाही विसरत नाही. या दोहोंचा हिशेब मला अद्याप लावता आलेला नाही. येथे बोर्डिंगातली युक्ती चालत नाही.

2006 मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 2007 साली तिने अहवाल दिला. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना शिक्षकांकडून पुरेसे साहाय्य मिळत नाही, शंका विचारायला जागा नाही, हे त्यात विद्यार्थ्यांच्याच तोंडून आलेले आहे. देशातील सर्वांत अवघड परीक्षा उत्तीर्ण होऊन आलेली ही मुले. म्हणजे आठवीतला तो हात वैद्यकीयच्या वर्गातही खालीच राहतो. अशा वेळी त्यांना अठरा तास बसा म्हणून सांगणे ही क्रूर थट्टा आहे.

आमच्या चळवळीने मोर्चे काढले, ते काढावयासच हवे होते. पण रविवारी सकाळी दोन तास विहार उघडे ठेवून 'ज्याचा जो विषय अडला असेल तो घेऊन या' असे म्हणणारी माणसे आम्ही फार थोडी तयार केली. निवृत्त शिक्षक, बँकेतले कारकून, इंजिनिअर झालेली मुले वस्तीत आहेत. ती जयंतीला वर्गणी देतात आणि प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीवर बसतात. सतरंजीवर बसत नाहीत. मीही बरीच वर्षे खुर्चीवरच होतो.

त्या संध्याकाळी त्या मुलाच्या शेजारी बसून मी ते उदाहरण पाहिले. वर्गसमीकरणाचे होते. दोन गाड्या, त्यांचे वेग, वेळेतला फरक. मी इतिहासाचा मास्तर. माझी मजल समीकरण मांडण्यापर्यंत गेली आणि पुढे मलाही येईना. तसे मी त्याला सांगितले. तो जरा गोंधळला. मग बोर्डिंगातल्या माझ्या त्या मित्राला, जो एस. टी. च्या हिशेब खात्यातून निवृत्त होऊन आता मुलाकडे राहतो, मी त्याच्यासमोरच फोन लावला. पलीकडून नमस्कार-चमत्कार काहीच नाही. आवाज तोच, कंदील ओढणारा.

"पोराच्या हातात दे," तो म्हणाला, "आणि त्याला म्हणावं, उदाहरण पहिल्यापासून मोठ्यानं वाच."